यूव्ही आहे, एचडी आहे, फोर-के पण आहे

गॉगलच्या दुकानात माणूस गॉगल डोळ्यांवर चढवतो आणि लगेच आरशात बघतो. त्या गॉगलमधून रस्ता कसा दिसतो ते बघायला दारापर्यंत गेलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. (गेलं तर दुकानदार मागे धावेल, हा भाग वेगळा.) मान डावीकडे, मान उजवीकडे, हनुवटी किंचित वर, पोट आत. गॉगलचा आणि पोटाचा संबंध काय, हे विचारू नये, तो असतो. मग सोबत आलेल्याला प्रश्न : “कसा वाटतोय?” सोबत मित्र असेल तर “एकदम कडक” असं उत्तर येतं. बायको असेल तर “आधीचा बरा होता” असं येतं. आधीचा म्हणजे नेमका कुठला, याचा शोध घेण्यात संध्याकाळ जाते.

खरं तर सायकल चालवताना हा गॉगल रस्त्यावरच्या यच्चयावत लोकांना दिसणार असतो. दिसणार नसतो तो एकट्या घालणाऱ्याला. त्याला फक्त त्यातून पलीकडे बघायचं असतं. तरीही निवड होते ती समोरून कसा दिसतो यावर, आतून काय दिसतं यावर नाही. स्वस्तातला चांगला स्पोर्ट्‌स गॉगल मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा त्या आरशाकडे पाठ करून उभं राहावं. निम्मी किंमत तिथेच उतरते.

पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. माणसं सायकलवरून कारखान्यात, कचेरीत, कॉलेजात जायची. विजारीला क्लिप, हँडलला डबा आणि उन्हात बारीक केलेले डोळे, एवढ्यावर भागायचं. गॉगल घालण्याचा अधिकार समाजाने तिघांनाच दिला होता : सिनेमातला हिरो, डोळे आलेला मुलगा आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा. चौथ्या कुणी घातलाच, तर वाड्याच्या दारातच “डोळे आलेत का?” अशी चौकशी व्हायची. “नाही” म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, “मग?” या ‘मग’ला उत्तर नसायचं. उन्हाचा त्रास होतो म्हणावं, तर समोरचा साठ वर्षं त्याच उन्हातून जात असायचा आणि तसं सांगायचाही.

आता सायकल हे वाहन राहिलेलं नाही, ती ‘राइड’ झाली आहे. पहाटे पाचच्या अंधारात चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांचे जथे अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांत खडकवासल्याकडे, बोपदेव घाटाकडे, कात्रजकडे निघतात. प्रत्येकाच्या हेल्मेटवर गॉगल असतो. डोळ्यांवर नाही, हेल्मेटवर. कारण बाहेर काळोख आहे. सूर्य वर येईपर्यंत मंडळी घाट चढून, उतरून मिसळीच्या बाकड्यावर पोचलेली असतात. तिथे गॉगल काढून टेबलावर ठेवायचा असतो, काच वर करून, सगळ्यांना नाव वाचता येईल असा. ऊन खऱ्या अर्थाने तापतं तेव्हा गॉगलचे मालक घरी पंख्याखाली झोपलेले असतात.

पण अंधारातसुद्धा सायकलवाल्याला डोळ्यांपुढे काहीतरी लागतंच, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. उन्हाआधी वारा असतो. उतारावर ताशी चाळीसच्या वेगाने डोळ्यांत वारा घुसला की पाणी वाहायला लागतं आणि समोरचा खड्डा तीन खड्डे होऊन दिसतो. धरणाच्या कडेने चिलटं असतात, त्यांना आपल्या डोळ्याचं का आकर्षण आहे कोण जाणे. पुढे उसाची ट्रॉली चाललेली असते, तिच्यातून पाचट उडतं. डंपरमधून वाळू गळते, आणि शहरात कुठलं ना कुठलं खोदकाम चालूच असतं. या सगळ्यासाठी काळी काच लागतच नाही, बिनरंगाची पारदर्शक काच पुरते. पहाटे निघणाऱ्या माणसाला खरी गरज तिचीच आहे, आणि ती मिळतेही स्वस्तात. पण ती घालून आरशात बघितलं की आपण प्रयोगशाळेत ॲसिड ओतायला निघालोय असं दिसतं. म्हणून ती कुणी घेत नाही. फार तर ‘चार काचांचा सेट’ घेतला जातो : काळी, निळी चकचकीत, पिवळी आणि पारदर्शक. काळी बसवलेलीच येते. ती काढून दुसरी बसवताना पहिल्याच दिवशी नख तुटतं, आणि उरलेल्या तिन्ही काचा मखमली पिशवीतून ड्रॉवरमध्ये जातात, जुन्या मोबाईलच्या चार्जरांशेजारी.

स्वस्त गॉगलचा शोध सुरू होतो तो फुटपाथवर. उलट्या छत्रीला किंवा जाळीच्या फळीला शे-दीडशे गॉगल लटकवून विक्रेता उभा असतो. त्याला तुमच्या चेहऱ्याची तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. “साहेब, हा घाला. तुमच्या फेसला हाच.” आपण सुशिक्षित असल्यामुळे विचारतो, “यूव्ही प्रोटेक्शन आहे का?” तो एक क्षणही न दवडता म्हणतो, “आहे की! यूव्ही आहे, एचडी आहे, फोर-के पण आहे.” एवढ्यावर आपलं समाधान झालं नाही असं पाहून तो खिशातून एक कार्ड काढतो. नुसत्या डोळ्यांना त्या कार्डावर काही विशेष दिसत नाही; गॉगल लावला की आत लपलेलं चित्र उमटतं. “बघा! ओरिजिनल.” बघणारा थक्क होतो आणि दोनशेची नोट काढतो.

हे कार्ड पक्क्या, काचेच्या दारांच्या दुकानांतही असतं आणि तिथेही हीच थाप चालते, फक्त एसीमध्ये. त्या कार्डाने सिद्ध होतं ते एवढंच, की काच पोलराइज्ड आहे. पाण्यावरून, काचेवरून, ओल्या डांबरावरून परावर्तित होऊन येणारी लख्ख तिरीप ही काच गाळते. अतिनील किरण अडवणं हे निराळं काम आहे. दोन्ही गुण एका गॉगलमध्ये असू शकतात, पण एकाला दुसऱ्याची साक्ष देता येत नाही. शिवाय पोलराइज्ड काचेतून सायकलवरच्या आणि मोबाईलच्या काही पडद्यांकडे विशिष्ट कोनातून पाहिलं की पडदा काळा पडतो, आणि हजारो रुपयांच्या यंत्रात आपला वेग बघायला मान कबुतरासारखी वाकडी करावी लागते. घाटातल्या वळणावर सांडलेलं तेल किंवा ओल चकाकते म्हणून तर आपल्याला दिसते. ती चकाकीच गाळून टाकली तर सायकलवाल्याचं नुकसानच व्हायचं. मासेमारी करणाऱ्यांनी पोलराइज्ड जरूर घ्यावा. बाकीच्यांनी त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे.

मग मोजायचे कशासाठी? पहिल्यांदा, ‘यूव्ही ४००’ या अक्षरांसाठी. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण काच अडवते. वर्षानुवर्षं हे किरण डोळ्यांत गेले तर मोतीबिंदूचा धोका वाढतो, बुबुळाच्या कडेने मांस वाढायची शक्यता वाढते. म्हणजे वाड्यातल्या त्या आजोबांनी ऑपरेशननंतर घातलेला गॉगल आधीच घातला असता तर बरं झालं असतं, पण मग त्यांना “डोळे आलेत का?” झालं असतं. काच काळी आहे म्हणून ती अतिनील किरण अडवते, हा मात्र मोठा गैरसमज आहे. उलट काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवत नसेल तर त्यांना आत शिरायला दार जास्त उघडं मिळतं. आनंदाची गोष्ट अशी, की हा गुण महाग नाही. स्पोर्ट्‌स गॉगलची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि तो पदार्थ मुळातच बहुतेक सगळे अतिनील किरण पिऊन टाकतो. वर तो दगड लागून सहसा फुटत नाही. अमुक हजारांच्या खाली डोळे सुरक्षित नाहीत असं सांगणारा माणूस एक तर विकायला बसलेला असतो, नाही तर त्याने तेवढ्याला घेतलेला असतो.

खात्री करायची तर चश्म्याच्या बऱ्याचशा दुकानांत त्यासाठीचं छोटं यंत्र असतं. ते नसेल तर आपल्या रिझर्व्ह बँकेने सोय करून ठेवलेली आहे. नोटेवरचे क्रमांक अशा शाईने छापलेले असतात की अतिनील दिव्याखाली ते चमकतात. दुकानदार गल्ल्यावर हाच दिवा घेऊन आपली पाचशेची नोट तपासतो. त्याने आपल्या नोटेवर संशय घेतला, तर आपण त्याच्या गॉगलवर का घेऊ नये? दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरावी. क्रमांक पूर्वीसारखेच झगमगले तर गॉगल परत ठेवावा, विझले तर बोलणी पुढे न्यावीत. या प्रयोगाने दुकानदाराचा चेहरा कसा होतो, ते पाहण्यासाठीही तो करून बघण्यासारखा आहे. नोट मात्र परत घ्यायला विसरू नये.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. गॉगल हाताच्या अंतरावर धरून काचेतून खिडकीचे गज बघावेत आणि गॉगल सावकाश हलवावा. गज सरळ राहिले तर ठीक. ते नाचायला लागले, तर तासाभरात आपलं डोकंही नाचेल. फुटपाथवरचा दीडशेचा गॉगल नापास होतो तो बहुतेक वेळा इथे. त्याचे अतिनीलचे गुण कधी कधी आश्चर्य वाटावं इतके चांगले निघतात, पण काच वेडीवाकडी ओतलेली असल्याने सपाट रस्त्याला लाटा येतात. पुण्यात अर्थात हा दोष गॉगलचा की रस्त्याचा, हे ठरवायला घरचे गजच वापरावे लागतात.

आणि काळेपणा. याला दर्जे आहेत, शून्य ते चार, आणि दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेले असतात. (चाळिशी लागलेल्यांनी ते वाचण्यासाठी आपला चश्मा सोबत न्यावा.) तीन नंबरची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, ती आपल्या भर उन्हाला पुरते. चार नंबरची सोडते फक्त ३ ते ८ टक्के. ती बर्फाच्या डोंगरांसाठी असून ती लावून गाडी चालवू नये असं तिच्याबरोबर लिहूनच येतं. तरी ‘जितका काळा तितका भारी’ या न्यायाने ती घेणारे आहेत. अशा माणसाला कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरताना पाहावं. बाहेर लख्ख ऊन, आत पाऊल टाकलं की अमावास्या. तो ओरडतो, “अरे कोण आहे पुढे?” पुढून आवाज येतो, “ट्रक.” जाणकार मंडळी बोगद्याच्या तोंडाशी गॉगल नाकाच्या शेंड्यावर आणून वरून बघत आत शिरतात. अंगात व्यावसायिक शर्यतपटूचे कपडे आणि नजर शाळा तपासनिसाची.

यावर उपाय म्हणून फोटोक्रोमिक काच सुचवली जाते, उन्हात आपोआप काळी आणि सावलीत आपोआप पांढरी होणारी. काच इमानी आहे, पण तिला घाई नाही. पूर्ण निवळायला तिला काही मिनिटं लागतात आणि बोगदा त्याआधीच संपतो. मग आपण उन्हात आणि काच अर्धवट निवळलेली. शिवाय ही काच थंडीत जास्त काळी होते आणि उकाड्यात कमी. म्हणजे हिमालयात ती जेवढं काम करेल तेवढं मे महिन्यात नागपुरात करणार नाही. तिथल्या उन्हापुढे हात टेकण्याचा अधिकार काचेलाही आहे.

हा सगळा महागडा प्रकार सुरू कुठून झाला, याची गोष्ट मजेची आहे. अमेरिकेत जिम जॅनर्ड नावाच्या माणसाने १९७५ साली ओकली ही कंपनी काढली ती गॉगलची नव्हे, तर मोटारसायकलच्या हँडलवरच्या मुठींची. त्याच्या रबराचा गुण असा, की घामाने ओलं झालं की ते आणखी घट्ट पकडायचं. पुढे १९८४ मध्ये त्याने चेहरा झाकणारा गॉगल सायकलवाल्यांसाठी आणला आणि तो अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँच्या डोळ्यांवर गेला. १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचा शेवटचा दिवस. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे. हा गडी चश्मा लावायचा म्हणून लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. त्या दिवशी तो हेल्मेटशिवाय, सोनेरी शेंडी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँच्या डोक्यावर निमुळतं हेल्मेट, सायकलला पुढे झुकून धरायचे खास दांडे, डोळ्यांवर ओकलीचा गॉगल. प्रोफेसर ८ सेकंदांनी हरले. तीन आठवडे आणि तीन हजारांवर किलोमीटर झाल्यावर ८ सेकंद! त्या सेकंदांचं श्रेय जाणकारांनी दांड्यांना, हेल्मेटला, अगदी शेंडीलाही वाटून दिलं. पण दांडे लावून लग्नाच्या पंगतीत मिरवता येत नाही. गॉगल लावून येतं. लेमाँची आठ सेकंदं तेव्हापासून हप्त्याहप्त्याने विकली जात आहेत, आणि आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी त्यातला मोठा हप्ता उचललेला आहे. सायकलचं वजन काही ग्रॅमने कमी करायला त्यांनी जे खर्च केलं ते बघून, दोन मिसळी आणि जादा पाव यांचं वजन त्यांना कुणी सांगत नाही.

तरी त्या मुठीच्या रबराची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे गॉगलची कसोटी ऊन घेत नाही, घाम घेतो. घाटात तिसऱ्या वळणावर कपाळावरून धार सुटते, भुवईतून नाकावर येते आणि गॉगल घसरगुंडी खेळायला लागतो. दर दहा पॅडलला एका हाताने तो वर ढकलावा लागतो. नाकावर आणि कानामागे मऊ रबर आहे का, ते दुकानात बोट ओलं करून बघावं. मान खाली घालून दोनदा झटकावी. गॉगल जागेवर राहिला तर तो आपला. दुकानातले लोक बघतील. बघू देत.

धुक्याचं काय? महागड्या काचेला वरच्या कडेला वारा खेळायला भोकं असतात आणि त्यामुळे ती धुरकट होत नाही असा दावा असतो. दावा खरा आहे, पण वारा लागण्यासाठी माणूस पुढे जावा लागतो. सिंहगडाच्या चढावर ताशी सहाच्या वेगाने, बाजूने दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मावशी आपल्याला मागे टाकत असताना त्या भोकांतून कुठला वारा जाणार? तिथे हजाराचा गॉगल आणि पंधरा हजारांचा गॉगल सारखेच धुरकट होतात. उत्पन्नाचा भेद मिटवणाऱ्या ज्या मोजक्या जागा राहिल्या आहेत, त्यांत हा चढ येतो.

फ्रेमची वरची कड मात्र जरूर बघावी. सायकलवर आपण वाकलेले असतो आणि नजर काचेच्या वरच्या भागातून जाते; जाड कड असली तर नेमका समोरचा रस्ता तिच्यामागे जातो. म्हणून दुकानात ताठ उभं राहून नव्हे, तर हँडल धरल्यासारखं वाकून, डोळे वर करून बघायला हवं. त्याची लाज वाटत असेल तर कड नसलेला गॉगल घ्यावा. दांड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या वरून घालायच्या की आतून, यावर सायकलवाल्यांत पंथ नाहीत. वरूनच, असा शिरस्ता आहे. आतून घातलेल्या माणसाला कुणी काही बोलत नाही, फक्त मिसळीच्या वेळी त्याच्याकडे तर्री उशिरा येते.

नंबरवाल्यांचे हाल स्वतंत्र आहेत. आत बसवायच्या नंबरच्या काचेची क्लिप मिळते. तिने धुरकट व्हायच्या काचा दोनाच्या चार होतात. वळणदार काचेतच नंबर करून देणारे आहेत, पण तिथे ‘स्वस्त’ हा शब्द संपतो. चालत असतील त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स घालून त्यावर साधा गॉगल लावावा, ही त्यातल्या त्यात कमी डोकेदुखी.

आता आकडा. क्रीडासाहित्याच्या दुकानात आठशे ते दोन हजारांत वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा पास होणारा गॉगल मिळतो. ऑनलाइन ‘२,९९९’वर काट मारून ‘३९९’ लिहिलेला असतो, त्यातल्या २,९९९ वर विश्वास ठेवायचा नसतो आणि ३९९ वर नोट-दिवा प्रयोग करून मग ठेवायचा असतो. त्याहून वर दिलेला पैसा हलकेपणाला, रंगांच्या बारकाव्याला आणि दांडीवरच्या नावाला जातो. ज्याला परवडतं त्याने द्यावा, माझी तक्रार नाही. फक्त एक जागतिक नियम ध्यानात असू द्यावा : गॉगल काचेच्या आयुष्याने जात नाही, मालकाच्या विसरभोळेपणाने जातो. मिसळीच्या टेबलावर राहतो, गाडीच्या सीटवर ठेवला जातो आणि त्यावर घरातलं सगळ्यात वजनदार माणूस बसतं. आणि हरवतो तो नेहमी महागडाच. दीडशेचा फुटपाथवरचा गॉगल मात्र तीन घरं बदलली तरी सोबत येतो. टाकून दिला तर कचरा वेचणाऱ्या मावशी दार वाजवून परत आणून देतात, “साहेब, हे चुकून आलं वाटतं.”

चकचकीत आरशासारख्या काचेचा मात्र एक उपयोग आहे, तो जाहिरातीत लिहीत नाहीत. स्वारगेटच्या सिग्नलला आमचे ते काका थांबले होते, निळी काच, एक पाय जमिनीवर, नजर दूर कुठेतरी फ्रान्सकडे. शेजारी स्कूटरवर एक तरुण आला, मागच्या खिशातून कंगवा काढला आणि काकांच्या डाव्या डोळ्यात बघत भांग पाडायला लागला. काकांनी मान वळवली. “अहो काका, जरा इकडेच राहू द्या ना मान,” तो म्हणाला, “मुलगी बघायला चाललोय.”